दोन अर्धे डबे

आमच्या ह्यांच्या मामांना खाली बसलेलं पाहिलेली माणसं जगात फार थोडी असतील, आणि त्यांत माझा नंबर लागतो, हे मी चारचौघांत जरा मिरवूनच सांगते. बूड टेकणं हा प्रकार त्या माणसाच्या अंगातच नव्हता. चहा उभ्यानं. पेपर उभ्यानं. टीव्हीवरच्या बातम्या स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या मारत ऐकायचे, त्यामुळे प्रत्येक बातमीचं त्यांना एक तर डोकं माहीत असायचं नाहीतर शेपूट, आणि मधलं आमच्याकडून वसूल करायचे. जेवायला टेबलाशी आले तरी एक पाय खुर्चीबाहेर, कधीही उठता यावं असा. आमच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत पहिल्या रांगेत सगळी वडीलधारी मंडळी खुर्च्यांवर ऐसपैस बसली आहेत, आणि मामांच्या खुर्चीवर नुसता त्यांचा रुमाल आहे. मामा स्वतः फोटोच्या कडेला, अर्धे आत अर्धे बाहेर, हॉलवाल्याला कुंडीतल्या पामविषयी काहीतरी सुनावताना आलेत. सासूबाई, म्हणजे त्यांची जेमतेम दोन वर्षांनी थोरली बहीण, म्हणायच्या, "हा पोटात होता तेव्हापासून असाच. आईला कधी सुखानं झोपू दिलं नाही." हे सासूबाईंना कसं माहीत, असं विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

मस्कतला मदिनत सुलतान काबूसमध्ये आमचा फ्लॅट. हे एका कन्सल्टन्सीत इंजिनियर, मी शाळेत गणित शिकवते. मामा आमच्या आधीपासून ओमानमध्ये, खाबुऱ्याला एका ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, नर्सरीवर सुपरवायझर. मामी महाडकडे गावी, घर आणि काजू सांभाळत. तेव्हा इथला वीकएंड नुकताच शुक्रवार-शनिवार झाला होता, आणि दर गुरुवारी संध्याकाळी मामांची धुळकट पिकअप आमच्या बिल्डिंगखाली यायची. बेल वाजली की दार उघडेपर्यंत मामा दाराशी नसत. समोरच्यांच्या कुंडीतली माती चिमटीत घेऊन बघत असायचे. मग "जयभीम, सूनबाई" करून आत, आणि चपला काढता काढता पहिला प्रश्न, "हे वांगं कुठलं?"

कुठलं म्हणजे कुठल्या दुकानातलं, असं मला सुरुवातीला वाटायचं. मी आपली सुपरमार्केटचं नाव सांगायची. मामांना ते नको असायचं. त्यांना हवं असायचं त्या वांग्याचं बी कुठल्या गावचं, त्या गावी पाऊस किती, माती कसली, आणि ज्या झाडाचं बी धरलं ते झाड उभं कुठे होतं. सुपरमार्केटमधला बिचारा केरळी पोरगा एकदा त्यांच्या तावडीत सापडला, तो पुढे मामा दिसले की गोदामात शिरायचा. रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, मध घ्यायला आम्ही त्यांना नेलं. मधवाला दाढीवाला भला म्हातारा. मामांनी आपल्या मोडक्या अरबीत त्याची उलटतपासणी सुरू केली. कुठल्या वादीतलं, म्हणजे कोरड्या नदीच्या घळीतलं झाड, झाड कोणी लावलं, ज्यानं लावलं त्यानं बी कुठून आणलं? तो म्हातारा आधी वैतागला, मग हरखला, मग दुकान शेजाऱ्यावर सोडून मामांना ते झाडच दाखवायला घेऊन गेला. आम्ही दोघं आणि लेक, तिघं गाडीत एसी लावून बसलो. मामा परत आले तेव्हा मध विसरले होते.

एकदा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी नवीन कुटुंब आलं होतं आणि एका काकूंनी लागलीच सुरू केलं, तुम्ही कुठले, आडनाव काय, मूळचे कुठले. मामा मध्येच ताडकन म्हणाले, "वहिनी, माणसाला कुठला ते विचारू नये. झाडाला विचारावं." काकूंना ते लागलं. घरी येताना मी गाडीत म्हटलं, मामा, जरा गोड बोलला असतात तर. तर म्हणाले, "अगं, मला जन्मभर विचारलंय लोकांनी, तू कुठला आणि कोणाचा. उत्तर ऐकून कोणी मला पाणी घातलं नाही. झाडाला विचारलं तर झाडाचा काही फायदा तरी होतो." यावर ह्यांनी रेडिओ लावला आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. मामा मागच्या सीटवर होते, पण तिथंही टेकले नव्हते. दोन सीटांच्या मधे डोकं घालून रस्त्याच्या दुभाजकातली झाडं बघत होते.

आता मुख्य गोष्टीवर येते, नाहीतर मी अशीच वाहवत जाईन. जबल अखदरच्या उंच डोंगरावर एक मोठं हॉटेल उभं राहत होतं आणि त्याच्या बागेचं काम मामांच्या अर्बाबला मिळालं. हॉटेलच्या मागं एक उघडा उतार होता. त्यावर सदाहरित सूचिपर्णी झाडं हवीत, असं ठरलं. ठरवणारा होता एक लेबनीज लँडस्केप आर्किटेक्ट. नर्सरीच्या चिखलात पांढरेशुभ्र बूट घालून यायचा, म्हणून मामांनी त्याचं नाव पांढरेबूट ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यानं पहिल्या झटक्याला परदेशातून जहाजानं सुरूसारखे उंच सायप्रस मागवले. लावले तेव्हा काय दिसत होते म्हणून सांगू! पहिला उन्हाळा संपता संपता ते सगळे चहाच्या चोथ्याच्या रंगाचे झाले. मामांनी त्याला काही बोलून दाखवलं नाही. नुसतं प्रत्येक झाडाजवळ उभं राहून "कुठलं?" असं विचारलं आणि पुढं गेले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं, असं पांढरेबूट पुढं ह्यांना म्हणाला.

मग सगळ्यांना आठवलं की त्याच डोंगरावर स्वतःचं एक सूचिपर्णी झाड आहे. जुनिपरची जात, तिथले लोक त्याला अलअलान म्हणतात. शेकडो वर्षं जगतं आणि अगदी चेंगटपणे वाढतं. त्याचं बी गोळा करून रोपं करायची, हे पांढरेबूटलाही पटलं, अर्बाबनं सरकारी कचेरीतून परवानगीही आणली. आता बी कुठलं? इथं मामांच्या आयुष्याचा प्रश्नच एकदम सरकारी कामाचा प्रश्न झाला, आणि तेव्हापासून आमच्या घरात कोणाला शांतता मिळाली नाही.

पांढरेबूटचं म्हणणं सरळ होतं. डोंगराच्या माथ्याजवळ अलअलानची हिरवीगार, देखणी झाडं आहेत, त्यांचं बी घ्या. मामांचं म्हणणं, घ्यायचं तर खालच्या वादीतल्या झाडांचं. हे ऐकून मीही म्हटलं की खालची तर मरतायत ना? तर मामा म्हणाले, या शनिवारी चला, दाखवतो. डोंगराच्या पायथ्याशी चेकपोस्टवर पोलीस आपली गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे का बघतात. तेवढ्या वेळात मामा उतरून रस्त्याकडेच्या बाभळीला भेटून आले. वरच्या पठारावर पोचायच्या आधी एका बाजूच्या वादीत त्यांनी गाडी घातली. तिथं अलअलान होते खरे, पण उभे सांगाडे. करडे, सालटं निघालेले, फांद्यांना एक हिरवी काडी नाही. त्या सगळ्यांत एक झाड जिवंत होतं. अर्धं वाळलेलं, खोड पिळवटलेलं, एका अंगाला हिरवं आणि त्या हिरव्यात निळसर काळी फळं. लेक म्हणाली, "मामाआजोबा, धिस इज सो अग्ली." मामा खूश होऊन म्हणाले, "हो ना? हीच ती."

ह्यांनी आपली पाण्याची बाटली त्या झाडाच्या बुंध्याशी रिकामी करायला घेतली तर मामा असे ओरडले की लेक दचकून मला चिकटली. "पाणी घालू नकोस! तिनं पाण्याविना दिवस काढलेत म्हणून तर आपण तिच्या दारात आलोय." मग शांत झाले आणि फेऱ्या मारत आम्हाला सांगू लागले. हे जे वादीतलं ऊन आहे ना, ते इथंच थांबणार नाही, हळूहळू वर चढतंय. मामांनी इतक्या वर्षांत ते चढताना पाहिलं होतं. आधी या वळणापर्यंतची झाडं गेली, मग त्या वळणापर्यंतची. आज हॉटेलच्या उतारावर जे रोप लावू, ते मोठं होईपर्यंत तिथं आजच्या इथल्यासारखा उन्हाळा असेल. "मग वर लावायला बी कुणाचं पाहिजे? ज्यानं हे ऊन आधीच खाल्लंय त्याचं. देखण्याचं घेऊन काय करायचंय, लग्न लावायचंय का?"

मला ते पटलं. पण पुढच्या आठवड्यात पांढरेबूट आमच्याकडे चहाला आला आणि म्हणाला की वर हिवाळ्यात पाणी गोठतं, खालच्या झाडाच्या पिल्लांना ती थंडी सोसली नाही तर? आणि एकच झाड वाचलंय ते सोशिक म्हणून वाचलं की त्याच्या मुळाशी नशिबानं एखादी ओली कपार आहे म्हणून, हे कोणी सांगावं? मला तेही पटलं. मामा गॅलरीत जाऊन आले, स्वयंपाकघरात जाऊन आले, पुन्हा गॅलरीत गेले. शेवटी तोडगा निघाला की दोन्ही बी घ्यायचं, वेगवेगळं ठेवायचं, उतारावर वेगवेगळ्या ओळींत लावायचं आणि पाट्या लावायच्या. पाच-दहा वर्षांत डोंगरच सांगेल कोणाचं खरं. मामांनी पांढरेबूटशी हात मिळवला, उभ्यानंच.

यात एक अडचण होती आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. मामांची साठी झाली होती, आणि साठीनंतर तेव्हा इथं कामाचा व्हिसा सहज मिळत नसे. अर्बाबनं शब्द टाकून त्यांचा व्हिसा एकदा वाढवून घेतला होता. पुन्हा वाढवायचा तर अर्बाब "इन्शाल्ला" म्हणायचा. मामांच्या मते अर्बाबकडे तीन इन्शाल्ला होती. मान हलवत म्हटलं तर हो, दाढी कुरवाळत म्हटलं तर बघू, आणि छताकडे बघत म्हटलं तर विसर. या वेळी तो छताकडे बघत म्हणाला होता. म्हणजे मामांना पुढचा एक हिवाळा आणि थोडा उन्हाळा, एवढंच मिळणार होतं. आणि अलअलानचं बी म्हणजे महाआळशी. आधी त्याला ओल्या वाळूत घालून ऊब द्यायची, मग महिनोन् महिने थंडी द्यायची, तेव्हा कुठं त्यातलं एखादं डोळा उघडतं. त्या वादीतल्या म्हातारीचं, म्हणजे त्या अर्ध्या वाळलेल्या झाडाचं, एक तरी पोर जमिनीतून वर आलेलं, त्याच्या स्वतःच्या ओळीत उभं राहिलेलं बघून मग विमानात बसायचं, एवढीच मामांची इच्छा होती. दुसरं काही मागितलं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं.

फळं आली आमच्या घरी. का, तर नर्सरीच्या केबिनमध्ये लाइट जाते आणि तिथल्या फ्रिजमध्ये सगळे ताक ठेवतात. फळं भिजवून, चोळून, गर काढून बी वेगळं करण्याचा कार्यक्रम माझ्या बाथरूममध्ये झाला. घरभर टर्पेंटाइनचा वास. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी रंगकाम चालू आहे का विचारलं, मी हो म्हणून सांगितलं, कोण एवढं समजावत बसणार. मग बी बादलीत टाकायचं. भरलेलं बी बुडतं, पोकळ बी तरंगतं. माथ्यावरच्या झाडांचं बरंचसं बुडालं. वादीतल्या म्हातारीचं टाकलं तर जवळजवळ सगळंच वर तरंगायला लागलं. मामा बादलीवर वाकून उभे, हात मागं बांधलेले, आणि पुटपुटतायत, "बुड गं बाई, बुड." मी दाराशी उभी होते. एखादं बी डळमळून खाली गेलं की मामा माझ्याकडे वळून बघायचे, जसं काही त्यात माझंच काही कौतुक होतं. शेवटी ती म्हातारी मूठभर बी देऊन थांबली. वादीत जाऊन मामांनी तिची उरलीसुरली फळंही आणली, तीही बुडवून पाहिली, आणि मग सांगितलं की आता पुढच्या खेपेला तिला फळं धरून पिकेपर्यंत दोन वर्षं तरी जातील.

वाळूत मिसळून दोन डबे झाले. वादीचं बी लबनेच्या, म्हणजे इथल्या चक्क्याच्या, डब्यात, माथ्याचं आइस्क्रीमच्या. दोन्हींवर मामांनी पट्टी चिकटवून ठळक अक्षरांत अलअलान लिहिलं आणि खाली बारीक अक्षरांत वादी किंवा माथा. दोन्ही अर्धे अर्धे भरलेले. ऊब त्यांनी गॅलरीत घेतली, मग डबे माझ्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात बसले, आणि दर गुरुवारी मामा घरात शिरले की आधी फ्रिज उघडायचे. जयभीम नंतर. झाकणं काढून वाळू चिमटीत घ्यायची, ओल बघायची, काहीतरी बोलायचं, झाकणं लावायची, आणि मग वळून आमच्याकडे बघायचं की अरे, ही माणसंही इथंच राहतात का. मी एकदा म्हटलं, मामा, फ्रिजशी इतकं बोलता, कधी मामींना फोन करता का? तर म्हणाले, "तिच्याशी बोलताना तीच बोलते."

हिवाळ्यात सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. आता सासूबाईंबद्दल एक सांगायला हवं. दोन अर्धे डबे दिसले की त्यांचा एक करायचा, हा आमच्या सासरी संविधानाखालोखाल पाळला जाणारा नियम आहे. अर्धी हळद आणि अर्धी हळद, अर्धा रवा आणि अर्धा रवा. ह्यांनाही ती सवय आहे. ऑफिसातही ह्यांनी दोन अर्ध्या पाण्याच्या बाटल्या एक केलेल्या मी पाहिल्या आहेत. खुद्द मामासुद्धा नर्सरीत खताची दोन अर्धी पोती दिसली की कामगारांवर डाफरतात. एका गुरुवारी मी शाळेत होते. सासूबाईंनी ह्यांच्याकडून मत्रहच्या बाजारातून अख्खी सुरमई आणवली, तिचे तुकडे केले, आणि ठेवायला फ्रिज उघडला. पुढं काय झालं ते मी सांगायची गरज आहे असं मला वाटत नाही.

संध्याकाळी मामा आले. फ्रिज उघडला. आइस्क्रीमचा डबा उचलला, तो जड लागला. लबनेचा डबा उघडला, त्यात हळद-मीठ लावलेली सुरमई. फ्रिजच्या उजेडात त्यांनी झाकणावरची पट्टी पुन्हा वाचली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आक्का, ह्यातलं बी गं?"

"त्या डब्यात घातलं ना," सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "दोन्हींवर एकच नाव लिवलेलं. एकही दाणा सांडला नाय हो, नीट हलवून एकजीव केलंय."

आणि मामा बसले. फ्रिजला पाठ लावून, सरकत सरकत, फरशीवर बसले. फ्रिजचं दार उघडंच, ते टूंटूं वाजायला लागलं, कोणी बंद करीना. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचं डोकं माझ्या खांद्याच्या खाली बघत होते, आणि मला काही ते बघवेना. सासूबाईंना वाटलं बीपी वाढलं. त्या पिठाच्या हातांनीच धावल्या, कपाळाला हात लावून पाहिला, म्हणून मामांच्या कपाळावर पीठ. ह्यांनी पाणी आणलं. मामा पाणी प्यायले, तेही बसून. मग सगळं सासूबाईंना समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण मामा बोलत नव्हते. मी सांगितलं. वादी, माथा, दोन वर्षं, व्हिसा. सासूबाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा असा उतरत गेला की मला मध्येच थांबावंसं वाटलं.

मग त्या उठल्या, हात धुतले, चष्मा लावला आणि मोठं ताट घेऊन मामांसमोर फरशीवर बसल्या. "दे इकडं. मी निवडून देते. तांदूळ निवडते मी एवढे." वाळू बाजूला करत करत त्यांनी बी ताटात पसरलं. बहीणभाऊ एका ताटावर वाकले. "ही जरा काळपट दिसतात, ही खालची असतील?" मामा म्हणाले, "ती ओली आहेत, म्हणून." "मग ही बारकी?" "दोन्हींत बारकी आहेत गं, आक्का." बराच वेळ हे चाललं. शेवटी सासूबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागल्या, आणि चष्मा पुसणं काही संपेना. मामांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू दे. मलाच ओळखू येत नाहीत, तुला कुठून येणार? एकदा ताटात आली की सगळी सारखीच."

ह्यांनी तेवढ्यात इंजिनियरचा उपाय काढला. "मामा, दोन भाग करा, दोन ओळी लावा, दोन पाट्या ठोका. पांढरेबूटला काय कळणार?" मी ह्यांच्याकडे डोळे वटारले, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. मामा म्हणाले, "त्याला नाही कळणार. मलाही नाही कळणार. पण तीस वर्षांनी कोणीतरी ती पाटी वाचून बी गोळा करील रे. त्याला मी काय उत्तर देऊ?" तेव्हा मात्र ह्यांनी फ्रिजचं दार बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा उभे होते. रात्रभर ते गॅलरीत फिरत होते असं वाटतं, कारण सकाळी माझी तुळस जागेवरून हललेली होती. नाश्त्याला म्हणाले, "मिसळलंय तर मिसळलेलंच पेरू. ऊन चढलं तर खालचं टिकेल, थंडी पडली तर वरचं टिकेल. काय होणार ते आपल्याला तरी कुठं माहीत आहे? सगळं एका उतारावर जाऊ दे, त्याला हवं ते तो ठेवील." सासूबाई उपम्याची ताटली घेऊन नुसत्या उभ्या होत्या. "आक्का, तू केलंस तेच बरं असेल कदाचित," मामा म्हणाले. त्यांना हे खरंच वाटत होतं की बहिणीसाठी म्हणत होते, ते मला त्या दिवशीही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. सासूबाईंनी मात्र लगेच विश्वास ठेवला आणि त्यांना आणखी उपमा वाढला.

अर्बाबला सांगितलं, तो म्हणाला, "खलास, यल्ला, पेरा." पांढरेबूट मामांना म्हणाला, "म्हणजे तुझं खरं की माझं, ते आता कधीच कळणार नाही." मामा म्हणाले, "नाही कळणार." ते हसले, पण मी त्यांना ओळखत होते. ज्या प्रश्नापायी हा माणूस जन्मभर कुठं टेकला नाही, त्याचं उत्तर त्यांच्या हातात यायचं होतं, आणि ते सुरमईसाठी जागा करताना गेलं. त्यांनी त्याबद्दल बहिणीला एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. त्या परत जाईपर्यंत दर गुरुवारी त्यांच्या हातचा चहा उभ्यानं पिऊन, त्यांची टिंगल ऐकून घेऊन, मामा अगदी नेहमीसारखे वागले.

वर पठारावर हॉटेलच्या मागं जाळीची शेड होती, तिथं ते बी पेरलं. हिवाळा सरता सरता मामांचा फोन आला. मी वर्गावर होते, तरी घेतला. पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज, मग, "सूनबाई, आलं." एक नव्हे, बरीच आली होती. हिरव्या सुईएवढी, डोक्यावर बियाचं टरफल घेऊन उभी. आम्ही बघायला गेलो तेव्हा मामा प्रत्येकासमोर वाकत होते आणि मी वाट बघत होते त्यांच्या त्या प्रश्नाची. त्यांनी एकालाही विचारलं नाही, कुठलं म्हणून. नुसतं बोटानं टरफल सावरायचे आणि पुढं सरकायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ते गेले. विमानतळावर आम्ही त्यांना लवकर पोचवलं. सगळे प्रवासी खुर्च्यांवर पेंगत होते आणि मामा काचेपलीकडच्या खजुरांकडे बघत फेऱ्या मारत होते. आत जाताना त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रोपं उतारावर लावली की फोटो पाठव. मराठीत लिही खाली." ती "ओके, मामाआजोबा" म्हणाली. सुरक्षा तपासणीच्या रांगेतून ते एकदाही वळले नाहीत, कारण पुढच्या माणसाच्या सामानातून कसलंसं रोप डोकावत होतं.

मला त्यांची फार आठवण येते, सरळ सांगते. गुरुवारी संध्याकाळी खाली गाडीचा आवाज आला की माझा हात अजून फ्रिजकडे जातो, डबे जागेवर आहेत ना बघायला. रोपं उतारावर लागली. काही गेली, काही आहेत. दर हिवाळ्यात आम्ही वर जातो, फोटो काढतो. जी आहेत ती कोणाची, वादीतल्या म्हातारीची की माथ्यावरच्या देखण्यांची, हे कोणालाच ठाऊक नाही. सासूबाई गावाहून फोनवर विचारतात, "माझ्या डब्यातलं कसं आहे?" आणि मी सांगते, छान आहे. वादीतली म्हातारी मात्र गेली. मागच्या खेपेला आम्ही तिच्या बाजूनं गेलो तर ती हिरवी कडाही करडी झाली होती. ते मी मामांना कळवलेलं नाही, पण त्यांनी तिच्याबद्दल विचारायचं सोडलंय, त्यावरून त्यांना कळलं असावं.

मामांचे गुडघे आता दुखतात. डॉक्टरांनी बसून राहा म्हणून सांगितलंय आणि मामा अर्थातच ऐकत नाहीत, काजूच्या बागेत दिवसभर वरखाली चालू असतं. मामी परवा फोनवर म्हणाल्या, "तुझे फोटो आले ना गं, की ओट्यावर बसतात. मोबाइल डोळ्यांशी धरून, एकेक झाड मोठं करून बघतात. संपले की उठले." तेव्हापासून लेक आणि मी सगळे फोटो एकदम पाठवत नाही. एक पाठवतो, खाली ती चुकतमाकत मराठीत दोन ओळी लिहिते. मग बराच वेळ थांबतो. मग दुसरा पाठवतो.